बंद पेठेतले वीस गाळे

नगरपालिकेत साहेब बदलतात, टेबलं बदलतात, शिक्के बदलतात. किस्से मात्र बदलीवर जात नाहीत! ते तिथंच मुक्काम ठोकतात, आणि तिथली जागा पुरेनाशी झाली की आमच्यासारख्या पेन्शनरांच्या घरी राहायला येतात. माझ्याकडं तर आता इतके झालेत, की कुणी चहाला आलं की बायको आतूनच विचारते, "पेठेतला सांगणार की दुसरा कुठला? लांबलचक असेल तर दोनदा आधण ठेवते."

ठेव म्हणावं. आज पेठेतलेच सांगतो.

हैदराबाद राज्य मोडलं, आमचा उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराला मी आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेत कारकून म्हणून लागलो. गावाच्या मधोमध पेठ. पेठेत नगरपालिकेचे वीस गाळे, एका ओळीत, दगडी कमानींचे. आणि वीसच्या वीस बंद!

पोलीस अॅक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला, गावानं वाईट दिवस पाहिले. पेठेतली माणसं गेली. कुणी हैदराबादला, कुणी गुलबर्ग्याला, कुणी कुठं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं मोटारीचा रस्ता गावाबाहेरून निघाला आणि उरलासुरला धंदा तिकडं सरकला. भर दुपारीसुद्धा बायका त्या ओळीवरून जायचं टाळत.

अशात नरहरराव वकील अध्यक्ष झाले. उंच माणूस, काळी टोपी, निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं उर्दूत. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "गावाचे वीस दात पडलेत आणि आपण तोंडावर दस्ती-रुमाल धरून बसलोय. मला ही पेठ भरायची आहे."

सगळे मेंबर हसले. मीही हसलो. नवा होतो ना!

*

गाळ्यांना पोलीस अॅक्शनच्या वर्षी नगरपालिकेनंच कुलपं घातली होती. किल्ल्या कचेरीत होत्या, पण कुलपांचा गंजून दगड झालेला. 'कुलपं तोडावीत' असा ठराव झाला, लोहाराला निरोप गेला. तेवढ्यात आमचे शिपाई हुसेनभाई पुढं आले. साठीला टेकलेले, पांढरी दाढी, हातात गोड्या तेलाची बुधली.

"तोडू नका, वकीलसाब. कुलूप तोडून उघडलेल्या दुकानात कोन बसंल? चोराच्या घरात बसल्यावानी वाटंल मानसाला. म्या उघडतो."

आठ दिवस ते काम चाललं. एकेका कुलपात तेल सोडायचं, हातानं चोळायचं, बसून राहायचं. मी वही घेऊन बरोबर. किल्ल्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच गळून गेलेल्या, पण हुसेनभाई जुडग्यात नुसता हात घालत आणि बरोबर किल्ली काढत. कुलूप मऊ होईपर्यंत सांगत, "हे अत्तरवाल्या चाचांचं. ह्या गल्लीत आंधळ्याला बी कळायचं की पेठ आली." मग पुढं, "हे तांबटाचं. लई हट्टी मानूस, भाव सांगितला की सांगितला."

एकोणीस कुलपं उघडली, एकही तुटलं नाही. विसावा गाळा करीम मास्तरांचा, म्हणजे शिंप्याचा. तो उघडायच्या वेळी वकीलसाहेब स्वतः आले.

आत फळीवर काळं कापड पसरलेलं. त्यावर खडूच्या रेघा. कापड निम्मं कापलेलं आणि कात्री तशीच त्या कापडात उभी. वर बोटभर धूळ.

वकीलसाहेब उंबऱ्यावरच थबकले. म्हणाले, "ही माझी शेरवानी आहे."

हुसेनभाईंनी बुधली खाली ठेवली.

"त्या दिवशी सकाळी माप देऊन गेलो होतो. करीम म्हणाला, जुम्म्याला घेऊन जा." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "हुसेनभाई, करीम आहे का कुठं?"

"गुलबर्ग्यात हाय म्हनत्यात."

"मग कार्ड टाका. लिहा, कापड अजून फळीवरच आहे."

महिन्याभरानं करीम मास्तर आले. बरोबर एक पिशवी. वाळून काटकी झालेले. कुणाशी न बोलता आत गेले, फळीपाशी मांडी घालून बसले, कापडावरची धूळ फुंकली, कात्री उचलली आणि जिथं रेघ थांबली होती तिथून पुढं कापायला लागले! बाहेर आम्ही पंधरावीस माणसं उभे. आवाज फक्त कात्रीचा.

मग त्यांनी मान वर करून वकीलसाहेबांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"वकीलसाब, कपडा तर तेवढाच हाय. तुमीच वाढलाव!"

अख्खी पेठ हसली. वकीलसाहेब तर इतके हसले की डोळे पुसायची वेळ आली, आणि ते नेमके कशामुळं पुसत होते ते आम्ही कुणी विचारलं नाही. करीम मास्तरांनी दोन्ही कुशींना नव्या काळ्या कापडाची पट्टी जोडून शेरवानी पुरी केली. दोन काळे रंग उठून दिसायचे. वकीलसाहेबांनी पुढं प्रत्येक बैठकीला तीच घातली.

पहिला गाळा भरला.

*

पुढचे भरेनात. तेव्हा आमचे ओव्हरसीअर म्हणाले, "जाहिरात हवी." हे पुण्याकडून नवेच बदलून आलेले. बोलणं असं स्वच्छ, की ऐकताना आपण हात धुऊन आलोय ना याची खात्री करावी! त्यांनी सुबक अक्षरात तीन पाट्या रंगवून घेतल्या आणि गावाच्या तिन्ही वाटांवर लावल्या : 'गाळे भाड्याने देणे आहेत.'

महिना गेला. चिटपाखरू आलं नाही.

आता आमच्याकडं दुकान असतं, ते घेतात किरायानं. भाडं म्हटलं की बैलगाडीचं. पण साहेबांना सांगणार कोण!

एका बाजारच्या दिवशी सकाळीच सोनारीकडचा एक शेतकरी कचेरीसमोर रिकामी गाडी उभी करून आत आला. खांद्यावर फावडं.

"गाळ कुठं हाय?"

ओव्हरसीअर गोंधळले. "कसला गाळ?"

"आता बगा! पाटीवर लिवलंय न्हवं का? जावयानं वाचून सांगितलं. गाळ हाय, गाडीभाडं देऊन न्यायचा. तळ्याचा हाय का बारवंचा? बारवंचा असंल तर दोन खेपा नेतो. रान लई हलकं हाय माझं."

मी तोंड फिरवून हसलो. ओव्हरसीअर लालबुंद. आतल्या खोलीतून वकीलसाहेब बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ते बिचाऱ्याला समजावून वाटेला लावणार.

ते म्हणाले, "बारवेचा आहे. चला, दाखवतो."

आणि खरंच होता की! पेठेच्या मागं जुनी बारव, पायऱ्यांची विहीर. इतकी वर्षं कुणी पाणी भरलं नाही, ती गाळानं काठोकाठ भरलेली. त्या दिवशी सोनारीवाल्यानं दोन खेपा नेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावकीच्या चार गाड्या आल्या. तिसऱ्या दिवशी भोवतालच्या तीन गावांच्या. अहो, पंधरा दिवस नुसती रीघ! एकेक पायरी उघडी पडत गेली, तशी अख्खी गल्ली काठावर येऊन बसायची. एकविसाव्या पायरीला ओल दिसली तेव्हा एका म्हाताऱ्यानं तिथंच खाली वाकून माती कपाळाला लावली.

ओव्हरसीअर हळूच वकीलसाहेबांना म्हणाले, "साहेब, माझी पाटी चुकली. आजच दुरुस्त करून घेतो."

"छे, छे!" वकीलसाहेब म्हणाले. "आधी पाणी लागू द्या!"

*

पाणी लागलं, पण माणसांचं काय? पेठेत यायला कारण पाहिजे ना!

एका सोमवारी आम्ही कचेरीत गेलो तर वकीलसाहेब दारात उभे. "आत जायचं नाही. टेबलं उचला. आजपासून नगरपालिका पेठेत."

मेंबर लोकांनी आरडाओरडा केला. एक म्हणाले, "अध्यक्षमहाराज, दुकानात बसलो तर नगरपालिकेची अब्रू काय राहील?"

"अब्रूला बसायला जागा लागत नाही. माणसांना लागते. उचला!"

टेबलं डोक्यावर घेऊन आमची वरात निघाली. चार नंबरात जन्ममृत्यूची नोंद, पाचात घरपट्टी, सहात दिवाबत्ती आणि सफाई, सातात स्वतः अध्यक्ष. आता पोर झालं तरी पेठेत यायचं आणि म्हातारं गेलं तरी पेठेतच! पहिले दोन दिवस लोक बिचकत आले. तिसऱ्या दिवशी मोटारस्टँडचा चहावाला स्टोव्ह घेऊन हजर. "जितं कारकून, तितं चहा," म्हणाला, आणि मला न विचारता माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर कपबशा मांडल्या.

मग जसजसं गिऱ्हाईक येऊन गाळा मागू लागलं, तसतसं आमचं एकेक खातं उठू लागलं. "घरपट्टीला उठवा, कासार आलाय!" "दिवाबत्ती हलवा, तेलीण आलीय!" पण सगळ्यांच्या आधी खुर्ची उठली ती अध्यक्षांची. सात नंबर एका घोंगडीवाल्यानं मागितला आणि वकीलसाहेब तासाभरात कागद घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसले. पुढं दोन वर्षं, दोन काळ्या रंगांची ती शेरवानी घालून, गावाचा अध्यक्ष पायरीवर बसून सह्या करत होता.

एकदा जिल्ह्याहून कुणी बडा माणूस भेटायला आला. जोडे काढत मला म्हणाला, "अध्यक्षांना वर्दी द्या. कुठं बसतात ते?"

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही जोडे ठेवलेत ना, त्याच्या वरच्या पायरीवर."

*

चौदा नंबर कुणी घेईना. त्याच्या मागच्या भिंतीतून पिंपळ उगवून छप्पर फोडून वर गेलेला. पिंपळ तोडायला गावात कुणी हात लावेना, आणि झाडासकट गाळा कुणी घेईना.

ओव्हरसीअर एक दिवस आत शिरले, दोन तास मुळं तपासत बसले. बाहेर आले ते अगदी हळू पावलं टाकत.

"झाड काढू नका," म्हणाले. "मागची भिंत कधीच सुटली आहे. मुळांनी दगड आवळून धरलेत म्हणून तेरापासून सतरापर्यंत छपरं उभी आहेत. या पिंपळाला कुऱ्हाड लागली तर पाच दुकानं बसतील."

मी आत जाऊन पाहिलं. मनगटाएवढी मुळं, प्रत्येक दगडाला बोटांनी धरल्यासारखी. बंद दाराआड, कुणी बघत नसताना, इतकी वर्षं ते झाड हेच काम करत होतं!

गाळा शेवटी एका न्हाव्यानं घेतला. खोडाला आरसा टांगला, बुंध्याशी पाट मांडला. लोक म्हणाले, "अरे, डोक्यावर छप्पर न्हाय तुझ्या!"

तो म्हणाला, "गिऱ्हाईकाला मान वर करा म्हनावं लागत न्हाय. आत आलं की आपसूक वर बगतंय!"

*

तेर गावची भागामावशी. विधवा बाई, एकटी. तेरहून मोटारीनं आली ती थेट बैठकीत येऊन उभी राहिली. "मला एक दुकान पायजे."

"काय विकणार?" एका मेंबरनं विचारलं.

"भाकर."

बैठकीत हशा. दुसरा एक मेंबर म्हणाला, "भाकर? बाई, भाकर घरोघरी असते. इकत कोन घेनार?"

मावशीनं पदर सारखा केला. "ज्याची बायकू इथं न्हाय, त्यो!"

हशा थांबला. कारण आमच्याच कचेरीतले निम्मे लोक बदलून आलेले, बायकापोरं तिकडं कोल्हापूर-साताऱ्याला! ओव्हरसीअरांनी तर सगळ्यांच्या आधी हात वर केला. त्यांना मताचा अधिकारसुद्धा नव्हता.

मावशी चुलीकडं तोंड करून बसायची, रस्त्याकडं पाठ. पण गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तिच्या परातीत तेवढ्या भाकरींचं पीठ पडलेलं असायचं. कुणाला दोन, कुणाला तीन, कधी चुकायचं नाही. आम्ही मुद्दाम वेळांची अदलाबदल करून जायचो, तरी नाही! नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखायची.

त्या वर्षी शाळेत कोकणातले एक मास्तर आले. पोरगेलेसे, लाजाळू. भात खाणारा माणूस, जोंधळ्याची भाकर त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती. गावात ओळख कुणाची नाही, आणि कुणाच्या दारात जाऊन जेवण विचारायचं ते कसं? शाळेची त्यांची वाट मावशीच्या पायरीवरूनच जायची. एक दिवस दुपारी मी मावशीकडं जेवत होतो. मास्तर समोरून गेले. थोड्या वेळानं परत आले, पायरीपाशी घुटमळले, आणि पुन्हा पुढं निघाले.

मावशी पाठमोरीच म्हणाली, "मास्तर, आत ये."

ते दचकून आत आले. मावशीनं चार भाकरी थापल्या. त्यांच्यापुढं पिठलं, कांदा, आणि एकेक गरम भाकर टाकत गेली.

"मावशी, मला दोन पुरे," ते म्हणाले.

"मोजू नगस. खा."

मास्तरांनी चारी खाल्ल्या. चौथी खाताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी आपला पानाकडं बघत राहिलो.

"दोन दिस झालं न्हवं, जेवून?" मावशीनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पण तुम्हाला कळलं कसं?"

"पोटात काय असलं की मानसाची टाच आदी टेकती. काय नसलं की चवडा." तिनं तव्यावरची राख फडक्यानं पुसली. "सकाळपासनं तिसऱ्यांदा गेलास इथनं. चवड्यावर."

तेव्हापासून मी रस्त्यानं चालताना लोकांच्या तोंडाकडं नंतर बघतो. आधी टाचा बघतो.

*

सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. निम्मी पेठ भरली आणि वरच्या कचेरीतून कागद आला : ही ओळ जुनी, धोक्याची, निम्मी रिकामी, ती पाडून जागा मोटारस्टँडला द्यावी. गावात हलगी वाजवून दवंडी द्यावी, एका महिन्यात कुणाची हरकत असेल ती ऐकून काम सुरू करावं.

हरकत घ्यायला वकीलसाहेबांनी रात्रंदिवस कागद काळे केले. सगळ्या हरकती वरून फेटाळून आल्या.

दवंडी द्यायचं काम येसूबाबांचं. सत्तरीचा माणूस, आवाज असा की बारवेत ओरडला तर पाणी हलावं. त्यांच्या हलगीचं कातडं फाटलं होतं, ते पंधरवड्यापूर्वीच अकरा नंबरात खंडूनं नवं मढवून दिलेलं. खंडू अणदूरचा, हलग्या आणि संबळ मढवणारा. दवंडीचा मजकूर मी येसूबाबांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजी खंडूचं दुकान बी पाडनार?"

"सगळीच पाडणार, बाबा."

येसूबाबांनी हलगी माझ्या टेबलावर ठेवली. काडी पटक्यात खोचली आणि बाहेर पडले. हात पाठीमागं बांधून तिन्ही वेशींत गेले आणि मजकूर शब्दन् शब्द ओरडून आले.

महिना सरला. वरचे साहेब पहारी-टिकाव घेऊन माणसांसह आले. पेठेतल्या लोकांनी सामान आवरायला घेतलेलं. करीम मास्तर मशीन पुसत बसलेले. मावशीनं चूल विझवलेली. वकीलसाहेब पायरीवरून उठले, हातात तोच वरून आलेला कागद.

"साहेब, तुमच्याच कागदात लिहिलंय, दवंडी हलगी वाजवून. हलगी वाजली का?"

"वाजली असणार!"

"विचारा."

साहेबांनी दहा माणसांना विचारलं. दहाही जणांनी तेच सांगितलं, "वरडत गेलं व्हतं म्हातारं, हे खरं. पर हलगी न्हाय वाजली."

साहेब भडकले. येसूबाबांना पुढं बोलावलं. "हुकूम होता, तरी हलगी का वाजवली नाही?"

येसूबाबा शांतपणे म्हणाले, "तिला इचारलं, साहेब. ती न्हाय म्हनली."

मग साहेबांनी वकीलसाहेबांच्या हातातला कागद घेतला, दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि माणसांना म्हणाले, "चला."

तो कागद नव्यानं निघून, सह्या होऊन परत यायला दीड वर्ष लागलं. तोवर वीसपैकी एकोणीस गाळे भरले होते. साहेब तेच होते. त्यांनी पेठेतून एक चक्कर मारली, न्हाव्याकडं मान वर करून पिंपळ पाहिला, आणि कागदावर लिहिलं, 'आवश्यकता नाही.'

*

आता शेवटच्या गाळ्याचं सांगतो आणि थांबतो.

ज्या ओळीत कुणी फुकट बसत नव्हतं, तिथल्या उरलेल्या एका गाळ्याला नऊ अर्ज आले! नियम असा, की एकाहून जास्त अर्ज आले तर चिठ्ठी. पण चिठ्ठ्या कारकून लिहितो आणि घोळ घालतो, अशी कुजबुज गावात व्हायची. म्हणून वकीलसाहेबांनी ठरवलं, ज्यानं त्यानं आपापल्या घरी आपल्या नावाची चिठ्ठी लिहून, घडी घालून आणायची आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं घागरीत टाकायची.

नऊ जणांत एक दाऊद पटवेगार. रेशमाच्या दोऱ्यात मणी गाठवणारा. गावातल्या निम्म्या बायकांच्या गळ्यातली पोत याच्या बापानं गाठवलेली, माझ्या आईचीसुद्धा. पोलीस अॅक्शनच्या वर्षी बाप गेला आणि दाऊद बायको-लेकरं घेऊन गाव सोडून गेला. बऱ्याच वर्षांनी परतला. सगळ्यांत उशिरा आला म्हणून गाळा मिळाला नाही. पेठेच्या तोंडाशी पोतं टाकून उन्हात बसायचा. समोरच्या अंगाला सोपान पानवाला बसायचा. गाडीखाली सापडून त्याचा एक पाय गेलेला. तोही अर्जदार. बाकीचे सात जण गावातलेच, सगळे गरजवंत. एकाच्या घरी लग्नाच्या दोन पोरी, एकाचं रान तलावात गेलेलं. कुणाला द्यावा आणि कुणाला नाही, अशी स्थिती.

बाजारचा दिवस. पिंपळाखाली घागर ठेवलेली. एकेक जण आला, चिठ्ठी टाकून गेला. सोपान कुबडी टेकत आला. दाऊद सगळ्यांत शेवटी. कुणी कुणाकडं बघेना. गर्दी एवढी की न्हाव्याचं दुकान दिसेना.

वकीलसाहेबांनी घागरीत हात घातला, एक चिठ्ठी काढली, उलगडली.

"दाऊद पटवेगार."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पिंपळावरचे पारवे उडाले. दाऊद जागच्या जागी मटकन खाली बसला. पहिल्यांदा त्याला उठवायला पुढं झाला तो सोपान, एका पायावर!

लोक पांगले. उरलेल्या चिठ्ठ्या नोंदीसाठी वहीला लावायच्या होत्या. मी घागर फरशीवर पालथी केली. वकीलसाहेब शेजारी बसलेले, हुसेनभाई उभे.

पहिली उलगडली. 'दाऊद पटवेगार.'

मला वाटलं, चुकून तीच हातात आली. पण तिच्यावर अक्षर वेगळं होतं. दुसरी उलगडली, पेन्सिलीनं लिहिलेली. 'दाऊद पटवेगार.' तिसरी विडीच्या कागदावर. 'दाऊद पटवेकरी.' चौथी कुणाकडून तरी लिहून घेतलेली, खाली अंगठा. 'दाऊद.' पाचवी, सहावी, सातवी. सगळ्यांवर तेच नाव.

"वकीलसाहेब," मी म्हणालो, "हे लोक आपसात ठरवून आले होते का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनीच सांगितलं, सकाळी नऊच्या नऊ जण आळीपाळीनं त्यांच्या पायरीशी येऊन गेले होते, आणि प्रत्येकानं एकच विनवणी केली होती, माझ्या चिठ्ठीत काय निघालं ते कुणाला सांगू नका.

एक चिठ्ठी उरली. ती उर्दूत होती. त्या नऊ जणांत उर्दूत लिहिणारा एकटा दाऊदच.

वकीलसाहेबांनी ती डोळ्यांजवळ नेली, वाचली, चष्मा काढला आणि चिठ्ठी हुसेनभाईंच्या हातात दिली.

हुसेनभाईंनी ती उजेडाकडं धरली. मग मोठ्यानं वाचलं.

"सोपान पानवाला."